ओळखीचं अंडं

दिवस आखडायला लागले आणि खुराड्यात पिसं पडायला लागली. आधी मानेची, मग पाठीची, मग शेपटाची. सकाळी दार उघडलं की पिसांचा लोट बाहेर यायचा, वाऱ्याबरोबर अंगणभर हुंदडायचा आणि नेमका धाकट्या सुनेच्या शिवणयंत्राखाली जाऊन बसायचा. भांडणाला एवढं निमित्त पुरलं.

त्या घरात दोन सुना होत्या. अंगण एक, नळ एक, खुराडं एक, चुली मात्र दोन. थोरली कोंबड्या पाहायची. धाकटी खिडकीशी यंत्र मांडून लोकांचे कपडे शिवायची. खुराडं आळीपाळीनं झाडायचं असं ठरलं होतं, पण धाकटीची पाळी आली की कुणाचा तरी कोट नेमका उद्याच द्यायचा असायचा. थोरलीनं हे दोन वर्षं चालवून घेतलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर घाणीनं माखलेलं पीस येऊन चिकटलं आणि धाकटी झगा हातात घेऊन तशीच अंगणात आली.

"ताई, तुमच्या कोंबड्या आवरा!"

"माझ्या?" थोरली खुराड्यातून वाकून बाहेर आली. केसांत पिसं, हातात झाडू. "अंडी खाताना आपल्या, आणि घाण झाली की माझ्या?"

"मग वाटून टाका एकदाच्या. तुमच्या तुम्हाला, माझ्या मला. माझं मी बघीन. तुमच्या दारात एक अंडं मागायला आले तर नाव बदलीन माझं!"

दोघींचे नवरे घरीच होते. थोरला सुतार, तो फळीला रंधा मारत होता तो आणखी जोरात मारायला लागला. धाकटा दुधाची गाडी चालवायचा, त्याला अचानक गाडीचं चाक तपासायचं आठवलं. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि तेच शहाणपणाचं होतं.

शेवटी खाटेवरून सासू बोलली. मोठा ताप येऊन गेला होता तिला. ताप गेला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. खाटेवरून दारापर्यंत जायचं तरी कुणीतरी बखोटीला धरावं लागे. डॉक्टर म्हणाला होता, औषध पुरे झालं, आता अंगात ताकद भरा, रोज सकाळी एक अंडं द्या आणि रोज थोडं चालवा. सासूचं जेवणखाण थंडीत धाकटीकडे आणि उन्हाळ्यात थोरलीकडे असं लागलेलं होतं. थंडी तोंडावर आली होती.

"ओरडू नका," सासू म्हणाली. "वाटायच्या तर वाटा. धाकटीनं आधी उचलायची, मग थोरलीनं. एक तिनं, एक हिनं."

त्या घरातली ती जुनी रीत होती. ताटातल्या शेवटच्या घासापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंत सगळं असंच वाटलं गेलं होतं. धाकट्याचा हात आधी.

कोंबड्या आठ. धाकटी खुराड्यासमोर उभी राहिली आणि तिनं कापड निवडतात तशी नजर फिरवली. कापडाची पारख होती तिला. चमक कशी, वीण कशी, कुठे विरलंय, हे ती दुकानाच्या दारातून सांगायची. चार कोंबड्या डोळ्यांत भरण्यासारख्या होत्या. पिसं तुकतुकीत, शेपूट डौलदार, पाय हळदीसारखे पिवळेधमक. उरलेल्या चार बघवत नव्हत्या. पिसं झडून मान उघडी पडलेली, पाठीवर जागोजागी कातडी दिसत होती आणि त्यातून निळसर कोंब काट्यांसारखे वर आलेले. तुरे सुकून चिमटीएवढे झालेले. पाय पांढरेफटक. त्यातली सगळ्यांत वाईट भुंडी. दर वर्षी तिचं शेपूट मुळापासून जायचं, म्हणून तिचं नाव भुंडी. हात लावायला गेलं की अंग चोरून कोपऱ्यात सरकायची, कारण नवी पिसं फुटताना दुखतं.

धाकटीनं सगळ्यांत देखणी उचलली. तिचं नाव तिनं तिथल्या तिथे मखमल ठेवलं.

आता थोरलीची पाळी. तीन देखण्या अजून उरल्या होत्या. थोरली वाकली आणि भुंडीला दोन्ही हातांनी अलगद, पोटाखालून उचलून बाजूला ठेवली.

धाकटीला आश्चर्य वाटलं, पण ती थांबली नाही. तिनं दुसरी देखणी उचलली. थोरलीनं पिसं गळालेली दुसरी गळकी उचलली. शेवटपर्यंत हेच चाललं. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "चारही चांगल्या आपल्याकडे आल्या की."

"ताईंनी मोठेपणा घेतला," धाकटी म्हणाली. "चार लोकांत सांगायला बरं, मी वाईट घेतल्या म्हणून. घेऊ देत. अंडी काही मोठेपणातून पडत नाहीत."

मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, माझ्याकडे आहात तोवर तुम्हाला पायांवर उभं करीन. रोज ताजं अंडं, आपल्या घरचं. बघाच तुम्ही."

सासूनं मान डोलावली. धाकटी बोलून गेली होती, पण ती मनापासून बोलली होती. सासूवर तिचा जीव होता. लग्न होऊन आली तेव्हा याच सासूनं तिला स्वतःच्या खोलीतली खिडकीची जागा यंत्रासाठी काढून दिली होती.

सुतारानं अंगणाच्या मधोमध जाळी ठोकली आणि धाकटीच्या बाजूला नवं खुराडं करून दिलं. धाकटीनं त्यात कोरडा पेंढा अंथरला. ती रोज सकाळी उठायची, पेंढ्यात हात घालायची आणि हात तसाच बाहेर काढायची. दाणे घातले, सूर्यफुलाच्या बिया घातल्या, उरलंसुरलं कालवून कोमट करून घातलं. मखमल आणि तिच्या मैत्रिणी सगळं खायच्या आणि उन्हात पंख पसरून लोळायच्या. अंगावर मूठभर मांस चढलं. अंडं नाही.

एक समाधान होतं, जाळीपलीकडेही अंडी नव्हती. तिथे तर नुसती अवकळा होती. भुंडी एका पायावर उभी राहून कुडकुडायची. थोरली बाजारातून माशांची डोकी आणून, कुटून त्यांना घालायची. त्या वासानं धाकटीच्या नाकाला रुमाल लागायचा.

"एवढं करून काय उपयोग," ती नवऱ्याला म्हणायची, "त्या गळक्या काय देणार?"

पण सासूला अंडं हवं होतं. दिलेला शब्द होता. धाकटीनं यावर उपाय काढला. कपडे पोचवायला जाताना ती कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी घ्यायची, चिंध्यांत गुंडाळून पिशवीतून आणायची आणि सकाळी कुणी पाहत नाही बघून त्यातलं एक पेंढ्यात ठेवायची. मग मोठ्यानं ओरडायची, "आई, आज पण दिलं हो मखमलीनं!"

हे ओरडणं सासूइतकंच जाळीपलीकडे ऐकू जावं अशी तिची व्यवस्था होती.

सासू अंडं हातात घ्यायची, उलटंपालटं करून बघायची आणि उकडायला परत द्यायची. ही तिची जुनी सवय. मीठ लावून सावकाश खायची. एकदा खाता खाता म्हणाली, "तुझ्या कोंबड्या फार अबोल आहेत गं."

"म्हणजे?"

"अंडं घातलं की कोंबडी घर डोक्यावर घेते. तुझ्या घालतात आणि गप्प बसतात. गुणाच्या आहेत."

धाकटीनं घाईघाईनं यंत्र सुरू केलं.

थंडी कडाक्याची पडली. नळाचं पाणी बोटं कापायचं. सुई धरताना धाकटीची बोटं बधिर व्हायची, ती मधूनमधून ती काखेत धरून बसायची. सासू मात्र हळूहळू सुधारत होती. आता धाकटीच्या खांद्यावर हात टाकून दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर टेकायची आणि अंगणातल्या कोंबड्या बघत बसायची.

उन्हं थोडी थोडी रेंगाळायला लागली होती. एक दिवस शिवता शिवता धाकटीनं मान वर केली आणि तिचा पाय यंत्रावरच थांबला. जाळीपलीकडे एक कोंबडी फिरत होती. अंगभर दाट, तांबूस, कोरी करकरीत पिसं. गळ्याखाली सोनेरी झाक. तुरा लालबुंद, ओला असल्यासारखा चमकत होता. शेपटीचा झुबका तेवढा छोटा होता, त्यावरून कळलं, ती भुंडी होती.

थोड्याच दिवसांत त्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला. सकाळ झाली की भुंडी खुराड्याच्या दारात उभी राहून अशी ओरडायची, की गल्लीला कळावं. मागोमाग उरलेल्या तिघी. धाकटी तेव्हा यंत्र जोरात चालवायची. शिवायला काही नसलं तरी चालवायची. तिच्या चौघी उन्हात पंख पसरून ते ओरडणं ऐकत पडायच्या. तुरे फिके, पाय पिवळेधमक.

आणि मग त्या सकाळी धाकटीनं नेहमीसारखं पेंढ्यातून अंडं "शोधून" आणलं आणि सासूच्या हातात दिलं. सासूनं ते फिरवलं. अंगठा अंड्याच्या मधोमध थांबला. तिथे एक बारीकसा उंचवटा होता, कमरेवर दोरा बांधल्यासारखा. सासूचा चेहरा उजळला.

"अगं, भुंडी घालायला लागली की!" ती म्हणाली. "हा वळ तिचाच. पहिल्यापासून असाच. पिसं आली का गं तिला सगळी?"

एवढं बोलल्यावर आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. धाकटी हातात भांडं घेऊन उभी होती. कानापासून मानेपर्यंत लाल झाली होती.

"उकड जा," सासू हळूच म्हणाली. "अंडं चांगलंच आहे."

त्या दिवशी धाकटी दुकानात गेली आणि तिनं विचारलं, "ही अंडी येतात कुठून?"

"हल्ली तुमच्याच घरून," दुकानदार म्हणाला. "तुमच्या जाऊबाई आणून देतात. बाकी सगळीकडची बंद आहेत, पण त्यांच्या कोंबड्या लवकर घालायला लागल्या." मग हसून म्हणाला, "मला नेहमी वाटायचं, या बाई दोन पावलांवरचं अंडं घ्यायला कोपऱ्यापर्यंत का येतात? म्हटलं, असेल बुवा काहीतरी."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्याही हसल्या. धाकटी अंडी न घेताच परत आली.

दुसऱ्या दिवशी तिनं पेंढ्यात हात घातला नाही. सासूला दूध दिलं आणि ओरडली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. सासूनं काही विचारलं नाही, आणि तेच धाकटीला जड गेलं. विचारलं असतं, बोलली असती, तर उलट चार शब्द बोलता आले असते. तिसऱ्या दिवशी धाकटी नळावर कपडे भिजवत असताना सासू एकटीच उठली. भिंत धरून निघाली. दारापर्यंत पोचायच्या आत तिचे पाय लटपटले आणि ती यंत्राच्या स्टुलावर मटकन बसली. धाकटी धावत आली तेव्हा ती यंत्राचं चाक दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"हाक का नाही मारलीत, आई?"

"तू कामात होतीस," सासू म्हणाली. "आणि उगीच तुला किती त्रास."

धाकटीनं तिला खाटेवर नेलं, पांघरूण घातलं. पांघरुणाखाली पावलं गार होती, ती तिनं हातांत धरून चोळली. चोळता चोळता तिला स्वतःची लाज वाटली. दोन पावलांवर अंडी पडली आहेत आणि आपण या बाईचे पाय आपल्या नाकापायी असे ठेवले, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. ती उठली, एक वाटी घेतली आणि जाळीला वळसा घालून पलीकडे गेली.

थोरली खुराड्यात वाकली होती. बाहेर आली. केसांत एक पीस होतंच.

"काय गं?"

धाकटीला वाटेत जे बोलायचं सुचलं होतं ते सगळं विसरलं. "एक अंडं हवंय," ती म्हणाली.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग विचारलं, "नवीन नाव काय ठेवलंस?"

धाकटीचा चेहरा आधी पडला. मग तिला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं मनगटानं पुसलं.

"आईंसाठी हवंय. त्या उठल्या होत्या आज एकट्या. पडता पडता राहिल्या."

"पडल्या नाहीत ना?"

"नाही. स्टुलावर बसल्या."

थोरली आत गेली आणि एक अंडं घेऊन आली. ते अजून गरम होतं. तिनं ते वाटीत ठेवलं. धाकटी जायला वळली आणि पुन्हा थांबली. मनातलं बोलल्याशिवाय तिला जाववेना.

"तुम्हाला माहीत होतं ना, ताई? म्हणून तुम्ही झडलेल्याच उचलल्यात."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं? भुंडीला घे, असं म्हणायचं? मी म्हटलं असतं तर घेतली असतीस?"

धाकटीनं खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "म्हटलं असतं, ताई गळकी कोंबडी माझ्या गळ्यात मारताहेत."

"बघ मग." थोरलीनं झाडू भिंतीला टेकवला. "आणि खरं सांगू? बोलायचंही नव्हतं मला. दोन वर्षं मी एकटीनं ही घाण काढली. कंबर सरळ होत नाही सकाळी. म्हटलं, हवं आहे ना हिला रेशमी, नेऊ दे. चार दिवस मजाही वाटली. तू मखमलीच्या नावानं ओरडायचीस तेव्हा तर मी आत जाऊन हसायची. मग आई आठवायच्या आणि हसू जायचं."

तिनं भुंडीला बोलावलं, उचलून काखेत धरलं आणि तिचा पाय धाकटीसमोर केला.

"हे बघ, कसा पांढरा पडलाय. जी घालत राहते तिच्या अंगातलं सगळं अंड्यात जातं, पायाचा रंगसुद्धा. उन्हाळाभर हिनं एक दिवस दम घेतला नाही. पिसं टाकायला हिला शेवटी शेवटी फुरसत झाली, म्हणून तू बघितलीस तेव्हा तिची ती दशा होती. तुझी मखमल कधीच नवी पिसं घालून तयार होती. तिला दुसरं काम काय होतं?"

धाकटीनं भुंडीच्या पाठीवरून हात फिरवला. कोरं पीस बोटांखाली दाट लागलं, अस्सल कापडासारखं. मग तिची नजर खाली थोरलीच्या पायांकडे गेली. टाचांना भेगा होत्या, भेगांत खुराड्याची राख. हे पाय ती दोन वर्षं रोज बघत होती.

"झाडू द्या," ती म्हणाली.

"अंडं गार होईल."

"अंडं उकडायचंच आहे. द्या इकडे."

तिनं वाटी कट्ट्यावर ठेवली आणि खुराड्यात शिरली. वाकल्याबरोबर डोकं आढ्याला आपटलं. बाहेरून थोरली म्हणाली, "डावीकडून वाक. तिथे खिळा आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "कोपऱ्यातलं राहिलं."

त्यानंतर रोज सकाळी जाळीवरून एक अंडं अलीकडे यायचं आणि एक माणूस झाडू घेऊन पलीकडे जायचं. बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा थोरलीच्या नवऱ्याचा कोट धाकटीनं न सांगता उसवून नीट शिवून ठेवला, त्याबद्दलही कुणी बोललं नाही. सासूला कळत होतं ते सगळं. ती अंडं फिरवून बघायची आणि सांगायची, "हे भुंडीचं," "हे काळीचं, खाली टपोरं असतं," "हे त्या तिसरीचं, ठिपके बघ." जणू गावाला गेलेल्यांची पत्रं वाचावीत.

ऊन तापायला लागलं. रीतीप्रमाणे सासूची पाळी थोरलीकडे गेली. आता तिच्या हातात काठी आली होती. काठी आणि एक माणूस, एवढ्यावर ती अंगण ओलांडायची. थोरलीच्या दारात सावलीला खुर्ची टाकलेली असायची, तिथे बसून राहायची.

एके सकाळी धाकटी कपडे वाळत घालत होती आणि तिच्या नव्या खुराड्यातून असा काही कल्लोळ उठला की तिच्या हातातली ओली चादर खाली पडली. मखमल दारात उभी होती. तुरा लाल झाला होता, हे गेले काही दिवस तिच्या ध्यानात आलं होतं, पण तिनं आशा धरली नव्हती. पेंढ्यात हात घातला. आत गरम, गुळगुळीत काहीतरी लागलं. या खेपेला ते तिनं ठेवलेलं नव्हतं.

ती ओरडली नाही. ओंजळीत धरून धावत पलीकडे गेली. थोरली दाणे निवडत होती, ती उठून उभी राहिली. धाकटीनं अंडं सासूच्या हातात ठेवलं.

सासूनं ते उलटंपालटं केलं. मधोमध अंगठा फिरवला. खालचं टोक बघितलं, वरचं बघितलं. उन्हात धरून डोळे बारीक केले. दोघी सुना तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"हे कुणाचं गं?" सासू म्हणाली. "याची माझी ओळख नाही."

"मखमलीचं, आई! माझ्या मखमलीचं!"

"ती? ती तर आपल्याकडे तीन वर्षं आहे."

"हो ना!"

"आणि मी तिचं अंडं ओळखत नाही?" सासूनं अंडं पुन्हा बघितलं. "म्हणजे मेलीनं आजवर कधी..."

थोरलीला आधी हसू फुटलं. मग धाकटीला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसल्या, इतक्या की सुतार रंधा हातात घेऊन दारात येऊन बघून गेला.

"हसता काय," सासू म्हणाली. "कुठे आहे ती? तोंड तर बघू तिचं."

ती उठली आणि निघाली. एका हातात अंडं, दुसरा हात तोल सांभाळायला हवेत. जाळीला वळसा घालून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून मान वाकवून, सरळ नव्या खुराड्याकडे चालली. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली होती.

धाकटीचं लक्ष आधी गेलं. तिनं तोंड उघडलं तेव्हा थोरलीनं तिचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. दोघी जागेवरूनच बघत राहिल्या. सासू खुराड्यापाशी पोचली, वाकली आणि मखमलीला रागवायला लागली.